बॅटरीच्या पोटातील माल

धान्याच्या पेढीवर तुरीचा सौदा होताना तूर कोणत्या शिवारातली, दाणा कसा, ओल किती, हे विचारल्यावाचून भाव ठरत नाही. कापडाच्या दुकानात सुताचा नंबर विचारला जातो, सराफाच्या पेढीवर कस लावला जातो. मात्र त्याच घरात इन्व्हर्टरची बॅटरी, मुलीसाठी विजेवरची स्कूटर अथवा माल पोचविण्यासाठी तीनचाकी घ्यावयाची असली, की चौकशी तीन गोष्टींपाशी थांबते: किंमत किती, एका चार्जमध्ये किती किलोमीटर आणि वॉरंटी किती वर्षांची. या वाहनांच्या किमतीचा सर्वांत मोठा हिस्सा बॅटरीचा असतो. तिच्या पोटात कोणते द्रव्य भरले आहे, हे मात्र क्वचितच विचारले जाते. वस्तुतः तिचे आयुष्य, तिचा भाव आणि तिच्यापासून घराला असलेला धोका, या तिन्ही गोष्टी त्या द्रव्यावरच अवलंबून असतात.

वर्धा शहराला लागून असलेल्या नालवाडीला असा प्रश्न विचारण्याची जुनी परंपरा आहे. १९३२ च्या डिसेंबरात विनोबा भावे तेथे राहावयास आले आणि केवळ सूत कातून मिळणाऱ्या मजुरीवर निर्वाह करण्याचा प्रयोग त्यांनी आरंभिला. पुढे १९३८ मध्ये ते पवनारला गेले. याच नालवाडीत चर्मालय चालत असे, आणि तेथे नैसर्गिक मृत्यू आलेल्या जनावरांचेच कातडे कमावले जाई. बाजारात ठेवलेले दोन जोडे दिसावयास सारखेच. फरक असे तो चामडे आले कोठून, यात. वस्तू कोठून आली, ती वापरात कशी वागेल आणि काम संपल्यावर कोठे जाईल, हे तीन प्रश्न बॅटरीलाही तितकेच लागू पडतात. गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांतील बॅटरीचे संशोधन म्हणजे बव्हंशी याच प्रश्नांची उत्तरे शोधण्याचा उद्योग होय.

दोन वखारी आणि मधला रस्ता

लिथियम-आयन बॅटरीची रचना व्यापाऱ्याला समजण्यास अवघड नाही. दोन वखारी आणि त्यांच्यामधला रस्ता, एवढाच तिचा संसार. एक वखार म्हणजे धन इलेक्ट्रोड, दुसरी ऋण इलेक्ट्रोड आणि मधला रस्ता म्हणजे इलेक्ट्रोलाइट. चार्जिंग करताना लिथियमचे विद्युतभारित अणू, म्हणजे आयन, धन वखारीतून निघून ऋण वखारीत जाऊन बसतात. वाहन चालू लागले की ते परत फिरतात. आतल्या रस्त्याने केवळ आयनांना जाता येते. इलेक्ट्रॉनांना तो रस्ता बंद असल्याने ते बाहेरच्या तारेतून जातात आणि जाता जाता मोटार फिरवितात.

वखारीत माल किती मावतो, यावर बॅटरीची क्षमता ठरते. भिंती किती फेऱ्या सोसतात, यावर तिचे आयुष्य ठरते. रस्ता तापला असता पेट घेतो की नाही, यावर घराची सुरक्षितता ठरते. म्हणूनच शास्त्रज्ञांचे सारे लक्ष या तीन ठिकाणच्या पदार्थांवर केंद्रित झालेले आहे.

धन वखार: कोबाल्टपासून लोखंडापर्यंत

१९७० च्या दशकात स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी लिथियम धातू आणि टायटॅनियम सल्फाइड यांची पुनःपुन्हा चार्ज होणारी बॅटरी तयार केली. १९८० मध्ये ऑक्सफर्ड येथे जॉन गुडइनफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धन इलेक्ट्रोडसाठी लिथियम कोबाल्ट ऑक्साइड पुढे आणले. १९८५ मध्ये जपानच्या अकिरा योशिनो यांनी धोकादायक लिथियम धातूऐवजी कार्बनचा ऋण इलेक्ट्रोड योजिला आणि १९९१ मध्ये सोनी कंपनीने ही बॅटरी बाजारात आणली. या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा गुडइनफ ९७ वर्षांचे होते.

कोबाल्टची वखार उत्तम, पण तिचा माल महाग आणि त्याचा उगम क्लेशदायक. जगातील खाणींतून निघणाऱ्या कोबाल्टपैकी निम्म्याहून कितीतरी अधिक भाग एकट्या काँगो या आफ्रिकी देशातून येतो. तेथील काही खाणी हाताने खोदलेल्या खड्ड्यांच्या स्वरूपात असून त्यांत बालकेही राबतात, हे आंतरराष्ट्रीय संस्थांनी वारंवार जगापुढे मांडले आहे. घरातील मोबाइलमागे अशी साखळी असू शकते, हे ज्या कुटुंबात आहाराविषयीही इतकी चिकित्सा होते, तेथे अज्ञात राहू नये.

पुढे कोबाल्टचा वाटा कमी करण्यासाठी निकेल आणि मँगनीज मिसळले गेले. बाजारात ज्याला एन.एम.सी. म्हणतात ते हेच मिश्रण. त्यात निकेल वाढविले की साठवण वाढते, मात्र उष्णता सोसण्याची ताकद घटते. अतिशय तापल्यास हा पदार्थ स्वतःच प्राणवायू सोडतो, आणि म्हणूनच अशा बॅटरीला लागलेली आग विझविणे कठीण होऊन बसते.

मँगनीज हे विदर्भाच्या ओळखीचे नाव. नालवाडीपासून सुमारे पाऊणशे किलोमीटरवरील नागपूर येथे ‘मॉइल’ या सरकारी कंपनीचे मुख्यालय आहे. नागपूर जिल्ह्यातील मनसर, कांद्री, गुमगाव, भंडारा जिल्ह्यातील चिखला, डोंगरी बुजुर्ग आणि पलीकडे मध्य प्रदेशातील बालाघाट, असा तिच्या खाणींचा पट्टा पसरलेला आहे. या व्यवसायाचा आरंभ १८९६ मध्ये एका ब्रिटिश मंडळीने केला होता. डोंगरी बुजुर्ग येथे निघणारे मँगनीज डायऑक्साइड टॉर्चच्या कोरड्या सेलसाठी दीर्घकाळ वापरले जात आहे आणि तेथेच विजेच्या साहाय्याने अधिक शुद्ध मँगनीज डायऑक्साइड तयार करण्याचा कारखानाही आहे. म्हणजे बॅटरीच्या धन टोकाला लागणारा माल या प्रदेशातून पूर्वीपासून जात आला आहे.

पुनःपुन्हा चार्ज होणाऱ्या बॅटरीत मँगनीज वापरण्याचा मार्ग मायकेल थॅकरे यांनी १९८० च्या दशकात गुडइनफ यांच्याच प्रयोगशाळेत काम करताना दाखविला. हा माल स्वस्त, विपुल आणि बऱ्यापैकी शांत. त्याची उणीव एकच: उष्णतेत मँगनीज थोडेथोडे इलेक्ट्रोलाइटमध्ये विरघळते आणि बॅटरी लवकर थकते. शिवाय खाणीतील दगड आणि बॅटरीतील भुकटी यांच्यामध्ये शुद्धीकरणाचे मोठे अंतर असते. नफा त्या अंतरातच आहे, आणि आज तो प्रामुख्याने चीनकडे जातो.

तिसरी वखार लोखंडाची. १९९७ मध्ये अमेरिकेतील टेक्सास येथे अक्षय पाढी, गुडइनफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिथियम आयर्न फॉस्फेटचा शोध प्रसिद्ध केला. बाजारातील एल.एफ.पी. ती हीच. तिच्यात कोबाल्टही नाही आणि निकेलही नाही. फॉस्फरस आणि प्राणवायू यांचा बंध इतका पक्का, की तापल्यावरही प्राणवायू सहजासहजी सुटत नाही. सुरुवातीला या पदार्थातून वीज नीट वाहत नसे. कणांवर कार्बनचा पातळ लेप दिल्यावर ती अडचण दूर झाली. साठवण मात्र एन.एम.सी.पेक्षा कमीच, त्यामुळे तेवढ्याच किलोमीटरसाठी बॅटरी थोडी जड होते. आता याच फॉस्फेटात मँगनीज मिसळून व्होल्टेज आणि साठवण वाढविण्याचे प्रयत्न कारखान्यांपर्यंत पोचले आहेत. विदर्भातील खनिजाला त्यातून नवी मागणी येऊ शकते, ही बाब येथील व्यापाऱ्यांनी नोंदवून ठेवण्याजोगी आहे.

ऋण वखार: ग्रॅफाइट, सिलिकॉन आणि कापूस

दुसऱ्या बाजूला गेली तीस वर्षे ग्रॅफाइटचेच राज्य आहे. कार्बनचे सहा अणू मिळून एका लिथियमला जागा देतात. सिलिकॉन वजनाच्या मानाने सुमारे दहापट लिथियम सामावून घेतो, परंतु तसे करताना फुगून तिप्पट-चौपट होतो. पुन्हा रिकामा होताना तो आक्रसतो, आणि अशा काही फेऱ्यांत त्याचा भुगा होतो. यावर उपाय म्हणून अतिसूक्ष्म कणांच्या रूपात थोडासा सिलिकॉन ग्रॅफाइटमध्ये मिसळण्याची रीत रूढ झाली आहे. संपूर्ण सिलिकॉनची वखार अद्याप सर्वसामान्यांच्या वाहनात आलेली नाही.

वर्ध्यासारख्या कापसाच्या जिल्ह्याला रस वाटावा असा एक प्रयोग २०१६ मध्ये चीनमधील संशोधकांनी प्रसिद्ध केला. त्यांनी कापसाचे तंतू हवेविना सुमारे १३०० अंश सेल्सियसपर्यंत तापविले. तंतूंचा आकार तसाच राहून त्यांच्या कार्बनच्या सूक्ष्म पोकळ नळ्या झाल्या. या ‘कठीण कार्बन’ची ऋण वखार सोडियमच्या बॅटरीत उत्तम चालली. ग्रॅफाइटमध्ये सोडियमचे आयन नीट बसत नाहीत. कठीण कार्बनची अव्यवस्थित रचना मात्र त्यांना जागा देते. नारळाची करवंटी, लाकूड, शेतातील काडीकचरा यांपासूनही असा कार्बन मिळतो. याचा अर्थ उद्या पऱ्हाटीला सोन्याचा भाव येईल, असा मुळीच नव्हे. प्रत्येक वेळी एकाच प्रतीचा माल मिळणे ही बॅटरी-उद्योगाची पहिली अट असते, आणि शेतमालात ती पाळणे कठीण जाते.

मधला रस्ता आणि वैशाखातील ऊन

आजच्या बहुतेक लिथियम बॅटऱ्यांत लिथियमचे एक क्षार सेंद्रिय द्रावकांत विरघळवून भरलेले असते. हे द्रावक ज्वलनशील असतात. त्यांचा ओलाव्याशी संबंध आला, तर त्या क्षारापासून अत्यंत दाहक आम्ल तयार होते. पहिल्या काही चार्जिंगमध्ये ऋण इलेक्ट्रोडवर एक पातळ पापुद्रा धरतो. तो शाबूत आहे तोवर बॅटरी शांत असते. उष्णतेने तो झिजतो, पुन्हा धरतो आणि प्रत्येक वेळी थोडे लिथियम खातो. वर्धा-नागपूर पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. पत्र्याच्या शेडखाली उभ्या वाहनाची बॅटरी त्याहूनही तापते. समशीतोष्ण देशाच्या मानाने लिहिलेले आयुष्य येथे तसेच मिळेल, असे गृहीत धरणे शहाणपणाचे नाही.

या द्रवाऐवजी घन पदार्थाचाच रस्ता बांधावा, ही कल्पना सध्या जगभर जोर धरून आहे. सल्फाइड, ऑक्साइड आणि प्लास्टिकसारखे बहुवारिक, असे तीन प्रकारचे घन इलेक्ट्रोलाइट तपासले जात आहेत. सल्फाइडमधून आयन वेगाने धावतात, पण दमट हवेत त्यातून विषारी वायू सुटतो. ऑक्साइड स्थिर, परंतु चिनी मातीसारखा ठिसूळ. बहुवारिक लवचीक, मात्र थंडीत मंद. घन रस्ता मिळाला, तर ऋण वखारीत पुन्हा शुद्ध लिथियम धातू ठेवता येईल आणि साठवण बरीच वाढेल. त्या धातूवर चार्जिंगच्या वेळी सुईसारखे काटे वाढतात आणि ते पलीकडे पोचले की आतल्या आत शॉर्ट सर्किट होते. घन पदार्थातील बारीक भेगांतूनही हे काटे वाट काढतात, असे आढळून आले आहे. जपानच्या टोयोटा कंपनीने अशा बॅटरीच्या वाहनांसाठी २०२७-२८ हे लक्ष्य जाहीर केले आहे. तोवर ‘सॉलिड स्टेट’ हा शब्द दुकानातील जाहिरातीत दिसला, तर तो नेमका कशासाठी वापरला आहे, हे लेखी मागावे.

मिठाचा पर्याय

लिथियमचे साठे मोजक्या देशांत आहेत. सोडियम मात्र मिठात आहे, आणि पृथ्वीच्या कवचातील त्याचे प्रमाण लिथियमच्या हजारपटीहून अधिक. पुण्यात पाषाण परिसरात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, सी-मेट आणि आयसर या तिन्ही संस्था जवळजवळ असून तेथे बॅटरीच्या पदार्थांवर काम चालते. डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या केपीआयटी टेक्नॉलॉजीज या कंपनीने आयसरच्या सहकार्याने विकसित केलेले सोडियम-आयन बॅटरीचे तंत्र जाहीर केले. किलोमागे १०० ते १७० वॅट-तास साठवण आणि ३,००० ते ६,००० फेऱ्यांचे आयुष्य, असा तिचा दावा आहे. रिलायन्सने फॅरॅडियन ही सोडियम बॅटरीतील ब्रिटिश कंपनी १० कोटी पौंड मूल्याने विकत घेतली आहे.

सोडियमच्या बॅटरीत ऋण बाजूलाही तांब्याच्या पत्र्याऐवजी स्वस्त ॲल्युमिनियम चालते. वाहतुकीच्या वेळी ती पूर्ण रिकामी करून पाठविता येते. धन वखारीत लोखंड, मँगनीज किंवा रंगाऱ्यांच्या परिचयाचा प्रशियन ब्लू यांच्या जातीतील पदार्थ वापरता येतात. वजनाच्या मानाने साठवण मात्र कमी.

येथे बाजाराचाही एक धडा आहे. २०२२ च्या अखेरीस चीनमध्ये लिथियम कार्बोनेटचा भाव टनाला सहा लाख युआनच्या घरात होता. २०२४ च्या आरंभी तो एक लाखाच्या आसपास उतरला. लिथियम महाग असताना सोडियमचा जो हिशेब किफायतशीर दिसत होता, तो भाव पडताच अवघड झाला. नव्या पदार्थाला प्रयोगशाळेतील यशासोबत जुन्या पदार्थाच्या पडत्या भावाशीही झुंजावे लागते, हे व्यापारी कुटुंबांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

घरचा हिशेब

आता खातेवही उघडावी. समजा, सारख्याच साठवणीच्या दोन बॅटऱ्या आहेत. शिशाची २०,००० रुपयांस मिळते आणि ५०० फेऱ्या चालते. एल.एफ.पी. ४५,००० रुपयांस मिळते आणि २,५०० फेऱ्या चालते. पहिलीची एक फेरी ४० रुपयांस पडली, दुसरीची १८ रुपयांस. वर्षातून ३०० दिवस धावणाऱ्या मालवाहू तीनचाकीला शिशाची बॅटरी दोन वर्षेही पुरणार नाही आणि दुसरी आठ वर्षांच्या आसपास चालेल. तेथे महाग वस्तूच स्वस्त. घरातील इन्व्हर्टर मात्र वर्षातून पंचवीस-तीस वेळाच पूर्ण वापरात येत असेल, तर २,५०० फेऱ्या कधीच संपणार नाहीत, कारण बॅटरी पडून राहूनही वयाने थकते. तेथे शिशाची साधी बॅटरी आजही वाजवी ठरू शकते. मात्र शिशासाठी बनविलेल्या जुन्या इन्व्हर्टरला विचारल्याविना लिथियमची बॅटरी जोडू नये. दोघींची चार्जिंगची रीत निराळी असते.

हिशेबापेक्षाही मोठी गोष्ट आगीची. २०२२ मध्ये देशात विजेवरच्या स्कूटरींना आगी लागल्यानंतर केंद्र सरकारने एआयएस-१५६ ही सुरक्षा मानके कडक केली आणि ती डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाली. त्यापूर्वीचे जुने वाहन स्वस्तात मिळत असल्यास हे ध्यानात ठेवावे. बाजारपेठेतील अनेक घरांत खाली दुकान, वर बिऱ्हाड आणि दोहोंना एकच जिना असतो. त्या जिन्याखाली रात्रभर स्कूटर चार्जिंगला लावणे म्हणजे घराच्या एकमेव वाटेवर निखारा ठेवून निजणे होय. शेजारी कापडाचे तागे अथवा बारदान असेल, तर धोका आणखी वाढतो. चार्जिंग मोकळ्या, सावलीच्या जागी आणि घरातील माणसे जागी असताना करावे. उन्हातून आलेले वाहन थंड होऊ द्यावे. चार्जर कंपनीचाच वापरावा. पडलेली, फुगलेली वा पाण्यात बुडालेली बॅटरी पुन्हा वापरू नये. धूर दिसताच वस्तू वाचविण्याचा मोह टाळून सर्वांना बाहेर काढावे आणि १०१ क्रमांकावर कळवावे. हा धूर विषारी असतो.

शेवटचा प्रश्न जुन्या बॅटरीचा. ऑगस्ट २०२२ मध्ये अधिसूचित झालेल्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकावर आहे. तरीही दोन पैसे अधिक मिळतात म्हणून शिशाची बॅटरी भंगारवाल्याला दिली जाते. ती उघड्यावर फोडून वितळविली गेली, की शिसे माती, पाणी आणि आसपासच्या लहान मुलांच्या रक्तात उतरते. लिथियमची बॅटरी भंगाराच्या ढिगात दबली, तर तेथेच पेट घेऊ शकते. नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्रात गेलेल्या बॅटरीतून शिसे, कोबाल्ट, निकेल, लिथियम पुन्हा मिळते आणि तेवढे खाणीतून काढावे लागत नाही.

तेव्हा पुढील खरेदीच्या वेळी दुकानदाराला चार गोष्टी विचाराव्यात आणि त्यांची उत्तरे बिलावर लिहून घ्यावीत. आतील द्रव्य कोणते: शिसे, एल.एफ.पी., एन.एम.सी. की सोडियम? किती फेऱ्यांनंतर किती टक्के क्षमता उरेल, आणि हा आकडा किती तापमानाचा? कोणत्या सुरक्षा मानकाचे प्रमाणपत्र आहे? आणि जुनी बॅटरी परत कोण घेणार? चार दुकानांतून हेच प्रश्न विचारले गेले, की पाचवा दुकानदार उत्तरे तयार ठेवूनच माल मागवील.